खड्ड्यांच्या तालुक्यात चैन कसली?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरची मोटारसायकल सरकारदरबारी चैनीची वस्तू झाली आहे. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबरच्या बैठकीत ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणला. तो निर्णय चांगलाच होता. पण त्यावरच्या दुचाकी त्याच बैठकीत ४० टक्क्यांच्या रकान्यात गेल्या. आधी त्यांच्यावर २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर, असे ३१ टक्के लागत होते. नव्या रकान्यात त्यांचे शेजारी कोण, तर खासगी वापराची विमानं, मौजेच्या नौका, पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं.

कराचं पत्रक दिल्लीत ठरतं, पण त्यामागचं मत आपल्याकडेही घरोघरी आहे. खोपोलीच्या नाक्यावर किंवा कर्जत स्टेशनबाहेर एखादी हिमालयन ४५० नाहीतर केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर उभी दिसली की बोलणं ठरलेलं असतं : ‘सव्वाशे सीसीवर अख्खा तालुका कामाला जातो, भाऊ. तीन लाखांची ही उंच गाडी कशाला? मिरवायलाच ना?’ असं म्हणणारी माणसं अडाणी नाहीत. त्यांनी एका स्प्लेंडरवर संसार ओढले आहेत, पोरांना शाळेत सोडलंय, रात्रपाळ्या केल्यात. म्हणूनच त्यांच्या बोलण्याला नीट उत्तर द्यायला हवं. मधल्या वजनाच्या अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलचा जवळजवळ प्रत्येक भाग खराब रस्त्यासाठी घडवलेला असतो, आणि खराब रस्ता तर आपल्या रोजच्या जगण्यातलाच आहे. ज्या वस्तूची गरज रस्त्यानेच निर्माण केली, तिला चैन म्हणणं मला मान्य नाही.

आधी रस्त्यांचं बोलू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्याच्या पोटातून जातो, टोलनाकासुद्धा खालापूरच्याच नावाचा. दुचाकीला तिथे प्रवेश नाही, मग ती शंभर सीसीची असो की हजार. तालुक्यातला सर्वांत बरा रस्ता तालुक्यातल्या दुचाकीस्वाराला बंद आहे. त्याच्या वाट्याला येतो तो जुना महामार्ग, चौकहून कर्जतला जाणारा रस्ता, खोपोली-पेण, खोपोली-पाली आणि कारखान्यांच्या ट्रेलरनी कायम भरलेला सावरोली-खारपाडा. कर्जतकडे वळलात तर मुरबाडचा रस्ता आणि कशेळ्यावरून खांडसच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याला जाणारा फाटा. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. जूनच्या अखेरीस डांबर सुटायला लागतं, गणपतीपर्यंत कित्येक ठिकाणी नुसती खडी उरते, दिवाळीनंतर ठिगळं लागतात आणि पुढच्या जूनला पुन्हा तेच.

जुलैतला सावरोली-खारपाडा रस्त्यावरचा खड्डा डोळ्यांसमोर आणा. तो पाण्याने काठोकाठ भरलेला असतो, म्हणून खोली कळत नाही. आत सुटी खडी असते. अलीकडच्या काठावरून चाक नुसतं खाली उतरतं; आदळतं ते पलीकडच्या काठावर, कारण तिथे डांबराचा थर अजून शाबूत असतो आणि त्याची कड उभी, धारदार असते. दुचाकी आडवी होते ती या पलीकडच्या काठाशी. मागून ट्रेलर येत असतो, डावीकडे साइडपट्टी खचलेली असते आणि खड्डा चुकवायला जागा नसते. आता चाकाचा हिशेब करा. १७ इंची रिमचं चाक टायरसकट साधारण साठ सेंटिमीटर व्यासाचं भरतं. हिमालयनच्या पुढच्या २१ इंची रिमचं चाक सत्तरच्या घरात जातं. चाक जितकं मोठं तितकं ते खड्ड्यात कमी बुडतं, पलीकडच्या कडेला कमी चढणीने भिडतं आणि वर निघून येतं. हा दहा सेंटिमीटरचा फरक शोरूममध्ये उभं राहून समजत नाही. अंधारात, पावसात, मागे कुणाला तरी बसवून परत येताना तो समजतो.

चाक वर चढलं तरी धक्का उरतोच. तो कुणी गिळायचा? हिमालयन ४५० चं सस्पेन्शन पुढे २०० मिलिमीटर दबतं, मागेही २००. गावोगाव मानाने चालवली जाणारी क्लासिक ३५० घ्या, तिचा पुढचा फोर्क १३० मिलिमीटर दबतो. फोर्क पूर्ण दबला की तो फोर्क राहत नाही, नुसता लोखंडी दांडा होतो, आणि उरलेला सगळा धक्का मनगटात, खांद्यात आणि कण्यात जातो. शिवाय आपल्याकडे गाडीवर क्वचितच एकटा माणूस असतो. मागे बायको, मधे मूल, हँडलला पिशवी, कधी तांदळाचं पोतं. एवढं वजन बसलं की सस्पेन्शन रस्त्याला लागण्याआधीच निम्मं दबलेलं असतं. अशा वेळी जिच्याकडे मुळात २०० आहेत तिच्याकडे खड्ड्यासाठी काही शिल्लक राहतं. जमिनीपासूनची उंची २३० मिलिमीटर का ठेवली, याचंही हेच उत्तर. क्लासिकची १७० आहे. वजन घेऊन बसलेली गाडी खड्ड्यात उतरली की इंजिनाचं पोट खडीला लागतं की नाही, ते या साठ मिलिमीटरवर ठरतं.

ही चर्चा आरामाची नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४५ टक्के दुचाकीवरची होती. खड्ड्यांमुळे गेलेल्यांची नोंद १,८५६ आहे. रस्ता दुरुस्त करणं हे सरकारचं काम आहे आणि ते काम मागत राहायलाच हवं. पण रस्ता दुरुस्त होईपर्यंत माणसाने खड्डा सोसणारी गाडी घेतली, तर त्याला मिरवणारा म्हणू नये आणि त्याच्याकडून दंड घ्यावा तसा करही घेऊ नये.

लावणीच्या दिवसांत कर्जतच्या रस्त्यांवर खड्ड्याइतकाच घातक दुसरा प्रकार असतो. चिखलणी आटोपून पॉवर टिलर किंवा ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतो आणि त्याच्या चाकांचा चिखल डांबरावर पट्ट्यापट्ट्यांनी पडत जातो. त्यावर एक हलकी सर आली की संपलं. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला दुसरी वाट नाही. अशा ठिकाणी पुढचा टायर रुंद असेल तर तो चिखलावर तरंगतो. ९० मिलिमीटरचा अरुंद टायर चिखल कापून खाली डांबराला धरतो. लोक या गाडीकडे बघून हसतात ते त्या पुढच्या बारीक, उंच चाकाला पाहून, ‘सायकलचं चाक लावलंय’ म्हणतात. भाताच्या मुलखात तेच चाक सर्वांत शहाणपणाचं आहे.

एबीएस बंद करण्याच्या बटणावरही नेहमी टीका होते : जीव वाचवणारी गोष्ट बंद करायची सोय देणं हा बेजबाबदारपणा आहे म्हणे. १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि जुन्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, त्याचं स्वागतच करायला हवं. हिमालयनमध्ये बंद होतं ते मागच्या चाकाचं. पुढचं चालूच राहतं. मागचं का बंद करायचं, ते खांडसच्या बाजूच्या एखाद्या खडीच्या उतारावर कळतं. सुट्या खडीवर चाक घसरायला लागलं की एबीएस ब्रेक सोडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं, आणि गाडी उतरतच राहते. मागचं चाक लॉक होऊ दिलं तर ते खडीत रुतून गाडीला रोखतं. डांबरावर आल्यावर एबीएस पुन्हा चालू करायचं, हे चालवणाऱ्याने अंगवळणी पाडून घ्यायला हवं. डांबरावर ते बंद ठेवून फिरणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही.

चाकांच्या आऱ्यांचीही थोडी कथा आहे. अलॉय व्हील दिसायला देखणं, धुवायला सोपं, पण उभ्या कडेवर जोरात आपटलं तर त्याला तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेलं अलॉय बदलावंच लागतं. आऱ्यांचं चाक वाकतं. कारागीर ते फिरवत, एकेक आरा ताणत, सैल करत पुन्हा सरळ करतो आणि माणूस घरी जातो. आऱ्यांच्या चाकाची जुनी अडचण म्हणजे आत ट्यूब. बोर घाटात रात्री पंक्चर झालं तर चाक काढल्याशिवाय काही करता येत नाही, आणि खोपोली सोडल्यावर लोणावळ्यापर्यंत रात्री उघडं दुकान कुठे शोधणार? हिमालयनला २०२४ मध्ये ट्यूबलेस टायर बसणारी आऱ्यांची चाकं मिळाली. पंक्चर बाहेरूनच दोरी भरून बुजवायचं, छोट्या पंपाने हवा भरायची आणि निघायचं. वापरणारे ही मागणी पहिल्यापासून करत होते आणि ती पहिल्याच दिवशी पुरी व्हायला हवी होती, हेही खरं.

आता इंजिनाकडे येतो, कारण ३५० ची रेषा इंजिनावरूनच आखलेली आहे. २०१६ साली आलेली पहिली हिमालयन ४११ सीसीची होती. साडेचोवीस अश्वशक्तीच्या आसपास ताकद, ३२ न्यूटनमीटर टॉर्क, इंजिन हवेवर थंड होणारं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली नवी ४५२ सीसीची, पाण्यावर थंड होणारी, ४० अश्वशक्ती आणि ४० न्यूटनमीटरची. ‘एवढी ताकद कशाला, वेगाची हौस’ असा आक्षेप लगेच येतो. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावरसुद्धा दुचाकीची मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि ती पाळायलाच हवी. ताकद लागते ती ८० च्या आतच. जुन्या महामार्गाने घाट चढताना पुढे लोखंडाने भरलेला ट्रेलर पहिल्या गिअरमध्ये रांगत असतो. त्याला ओलांडायचं तर काही क्षण उघड्यावर, समोरून येणाऱ्याच्या वाटेत काढावे लागतात. दोन माणसं आणि सामान घेऊन कमी ताकदीची गाडी त्या ट्रेलरच्या बाजूला अर्धवट अडकते, ना पुढे ना मागे. ताकदीची गाडी तिथे कमीत कमी वेळ थांबते. ओलांडायचं नसेल तर मागे रांगावं लागतं, आणि हवेवर थंड होणारं इंजिन हवाच नसताना तापत जातं. तिथे रेडिएटर आणि पंखा कामाला येतात. उतरताना मोठ्या सिंगल सिलिंडरचं इंजिन गाडी स्वतः धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. घाट उतरून खोपोलीत आल्यावर ज्यांनी मागच्या ब्रेकचा करपलेला वास घेतलाय त्यांना हे पटवून द्यावं लागणार नाही.

विरोधकांचं एक म्हणणं मला अर्धं मान्य आहे. ही गाडी जड आहे. हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो. पण मग नवी बुलेट ३५० किती आहे? १९५. बुलेटला गावात कुणी जड म्हणून नाव ठेवत नाही, तिथे तेच वजन रुबाब ठरतं. अडचण वजनाच्या आकड्यात नाही, वजन कुठे आहे यात आहे. उंच गाडीची १७ लिटरची टाकी काठोकाठ भरली की वजन वर राहतं, आणि उतारावर, ओल्या गवतात ती एकदा कलली की एकट्याला आवरत नाही. एकट्यानेच आडवाटेला फिरणाऱ्याने आणि बजेट तंग असणाऱ्याने हीरोची एक्सपल्स २०० घ्यावी. २०१९ पासून ती बाजारात आहे, पुढे २१ इंची चाक आहे, वजनाने बरीच हलकी, किमतीनेही. असं सांगितल्याने माझा मुद्दा ढिला पडत नाही, उलट घट्ट होतो : रस्त्याला हवी तीच रचना, फक्त लहान इंजिनावर. पण मागे माणूस, दोन्ही बाजूंना सामान आणि पुढे घाट असला की दोनशे सीसी दमतात.

उंचीचा आक्षेपही खरा आहे आणि तो कंपन्यांनी फार उशिरा ऐकला. जुन्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरची सीट ८५५ मिलिमीटर उंच होती. साडेपाच फुटांच्या आतबाहेरच्या माणसाला सिग्नलला बोटांवर उभं राहावं लागे, बायकांनी तर तिचा विचारच सोडून द्यायचा. युरोपातल्या माणसाच्या मापाची सीट इथे आणून ठेवली की असंच होणार. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या गाडीत ती ८३० वर आली. हिमालयनची सीट ८२५ आहे, ८४५ पर्यंत चढवता येते आणि कमी उंचीची सीट घेतली तर ८०५ वर येते, म्हणजे बुलेटच्या बरोबरीला. ही ८०५ ची सीट वेगळे पैसे मोजून का घ्यावी लागावी? आपल्या देशात ती मूळ गाडीबरोबरच यायला हवी आणि उंच सीट ज्याला हवी त्याने मागून घ्यावी. इंजिनाखालच्या जाड संरक्षक पत्र्याचं, रेडिएटरच्या जाळीचं तेच. खराब रस्त्याची गाडी म्हणून विकायची आणि खराब रस्त्यापासून तिला वाचवणारी वस्तू अ‍ॅक्सेसरीच्या यादीत टाकायची, हे बरोबर नाही.

मीटरच्या जागी बसवलेल्या गोल स्क्रीनची वकिलीही मी करणार नाही. तिच्यावर गुगलचा नकाशा दिसतो, पण तो फोनमधून येतो, आणि फोनला रेंज नसली की नकाशा अडकतो. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांकडे जाताना नेमकी वाट विचारायची वेळ येते तेव्हाच रेंज गेलेली असते. तिथे समोरून येणाऱ्या काकांना थांबून विचारावं. त्या स्क्रीनचे पैसे सस्पेन्शनवर खर्च झाले असते तर ग्राहकाचं जास्त भलं झालं असतं.

दुसऱ्या बाजूनेही या गाड्यांवर हल्ला होतो, तो मोठ्या गाड्यांच्या शौकिनांकडून. त्यांच्या मते ६५० सीसी आणि दोन सिलिंडर नसतील तर लांबच्या प्रवासाचं नावच काढू नये. द्रुतगती मार्गावर बंदी, इतरत्र फार तर ८० ची मर्यादा आणि चौक-कर्जत रस्त्यावरची खडी, या तिन्हींत ते दोन सिलिंडर वापरायचे कुठे, ते त्यांनी सांगावं. एवढ्यावर त्यांचा विषय संपतो.

गावकऱ्यांची तक्रार मात्र संपवता येत नाही, ती रास्त आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबईहून टोळक्याने येणाऱ्या बाइकवाल्यांनी कर्जतच्या बाजूची गावं हैराण होतात. सायलेन्सर फोडलेले, रात्री-बेरात्री आरडाओरडा, शेताच्या बांधावरून गाड्या, धबधब्यांवर मनाई आदेश असताना तिथेच पार्किंग. या लोकांमुळे उंच गाडी दिसली की गावाच्या कपाळाला आठी पडते. पण गाडीच्या घडणीला दोष देणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं आहे. कंपनीतून निघालेल्या हिमालयनचा आवाज मवाळ असतो, तो फोडतो मालक. सस्पेन्शन २०० मिलिमीटर दबतं म्हणून कुणाच्या आवणात गाडी घालायचा परवाना मिळत नाही. माथेरानला दस्तुरीच्या पुढे मोटारीला बंदी आहे म्हणून तिथली झाडी आणि शांतता अजून टिकून आहे, आणि अशी बंदी आणखी काही वाटांवर आली तरी मी तिचं समर्थन करीन. कोथळीगडाला, ढाकला पायी जावं. चारचौघांच्या रस्त्यावर सुखरूप घरी पोचणं एवढंच या गाडीचं काम आहे आणि तेवढ्यासाठीच मी तिची बाजू मांडतो आहे.

आता पुन्हा कराकडे. करापूर्वी दोन लाखांची गाडी धरा. १८ टक्क्यांनी ती २ लाख ३६ हजारांना पडते, ४० टक्क्यांनी २ लाख ८० हजारांना. फरक ४४ हजारांचा. एवढ्यात चांगलं हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट असं सगळं येऊन वर पैसे उरतात. म्हणजे जो पैसा माणसाच्या अंगावरच्या संरक्षणात गेला असता तो करात जातो. त्याच बैठकीत चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवरचा कर १८ टक्क्यांवर आला. मोटारवाल्यांना सवलत मिळाली याचं दुःख नाही, त्यांच्या घरीही मुलंबाळं आहेत. पण दहा लाखांच्या आसपासची मोटार गरज ठरते आणि तीन लाखांची दुचाकी विमानाशेजारी बसते, हा हिशेब कुठल्या तर्काने लागतो? मोटार उंच असली, तिची चाकं मोठी असली तर आपण ‘आपल्या रस्त्यांना हीच बरी’ म्हणून कौतुक करतो. दुचाकीवाल्याने तेच केलं की तो मिरवतो. पावसात भिजणारा, खड्ड्यात पडणारा तोच आहे. संरक्षणाची गरज त्याला जास्त आहे.

चैनीवर कर लावू नका असं मी म्हणत नाही. पंधरा-वीस लाखांच्या परदेशी मोटारसायकलीवर ४० टक्के जरूर लावा. पण मग रेषा किमतीवर आखा, सीसीवर नको. सीसीच्या रेषेमुळे ३४९ ची बुलेट एका बाजूला आणि ३९९ ची केटीएम दुसऱ्या बाजूला पडते. आणि ती ३९९ ची केटीएम घाट ओलांडल्यावर, पुणे जिल्ह्यातल्या चाकणच्या बजाजच्या कारखान्यात बनते. आपल्याच राज्यात घडलेली, आपल्याच रस्त्यांना साजेशी गाडी आपल्याच माणसाला महाग करून विकायची, याला महाराष्ट्राने मान डोलावण्याचं काही कारण नव्हतं.

जीएसटी परिषदेत प्रत्येक राज्याला जागा आहे, महाराष्ट्रालाही आहे. कर्जत-खालापूरच्या मतदारांना एक आमदार आहे आणि मावळचा एक खासदार आहे. दुचाकीवरच्या कराची रेषा सीसीऐवजी किमतीवर आखावी, ही मागणी त्या दोघांकडे लेखी द्या. त्याच अर्जात सावरोली-खारपाडा आणि चौक-कर्जत रस्त्यांच्या दुरुस्तीची तारीखही मागा.